रिग्रेशनराव

रिग्रेशनरावांना गोळी दिसत नाही, ठिपका दिसतो. तुमच्या-माझ्या हातावर कोणी डोकेदुखीची गोळी ठेवली तर आपण पाणी मागतो. रिग्रेशनराव बॅच नंबर मागतात. मग गोळी उजेडात धरतात, कडेवरून नख फिरवतात आणि "कडेला फिल्म पातळ आहे, पॅन जास्त पळवलाय लेकांनी," असं म्हणत ती स्वतःच्याच खिशात टाकतात. डोकं तुमचं दुखतच राहतं.

वेर्णा, तारापूर, सातपूर, वाळूज, जिथे म्हणून गोळ्यांचे कारखाने आहेत तिथे एका तरी केबिनमध्ये हे गृहस्थ सापडतात. हजेरीपटावर नाव काहीही असो, तिसऱ्या महिन्यात त्यांचं रिग्रेशनराव होतं. कारखान्याचे आकडे चाळून माल का बिघडतो ते शोधण्याचं हे पद पूर्वी नव्हतं. अमेरिकेच्या एफडीएने २००४ साली प्रक्रिया चालू असतानाच ती मोजत राहा, असं सांगणारा दस्तऐवज काढला; लगोलग २००५ साली देशोदेशींचे औषध-नियम जुळवणाऱ्या आयसीएचचा क्यू-एट आला. त्याचा सारांश असा की शेवटी तपासून माल चांगला होत नसतो, तो घडवतानाच चांगला घडवावा लागतो. गोळ्यांवर कोटिंग चढवणारे आमचे मामा हे आधीपासून सांगत होते. पण मामांकडे स्लाइड नव्हत्या.

आमचे रिग्रेशनराव पंचेचाळिशीचे, एम.फार्म. झालेले, आणि ऐन चाळिशीत संख्याशास्त्राच्या प्रेमात पडलेले. या वयातलं प्रेम माणसाला जरा जास्तच लागतं. त्यांच्या वरच्या खिशात चार रंगांची चार पेनं असतात, आणि आमच्या कारखान्यात फक्त निळ्या शाईला परवानगी आहे. "साधारण" हा शब्द कानावर पडला की त्यांच्या चेहऱ्यावर दाढदुखी उमटते. "साधारण म्हणजे किती अधिक-उणे?" घरी बायकोने आमटीत मीठ कमी आहे का विचारलं, तर "एका नमुन्यावरून कसं सांगणार?" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतात. वजन वाढलंय, पण ते म्हणतात तीनच आठवड्यांचा डेटा आहे, कल सांगता येत नाही.

कोटिंग म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय त्यांचं दुःख कळायचं नाही. जाळीदार भोकांचा, ४८ इंची, आडवा फिरणारा एक ढोल, त्याला पॅन म्हणायचं. त्यात सव्वाशे किलो गोळ्या. एकेक गोळी ६०० मिलिग्रॅमची धरली तर दोन लाखांच्या वर. पॅन फिरतो, गोळ्या वर चढून खाली ओघळतात, गनमधून रंगीत द्रावणाचा फवारा बसत असतो आणि गरम हवा गोळ्यांमधून आरपार जात असते. गोळीचं वजन तीन टक्के वाढलं की बॅच उतरवायची. आता हिशेब मांडा. तीन टक्के म्हणजे पावणेचार किलो कोरडी फिल्म. १५ टक्क्यांचं द्रावण घेतलं तर ते २५ किलो लागतं, आणि त्यात २१ लिटरच्या वर नुसतं पाणी. म्हणजे दोनेक तासांत एवढं पाणी त्या गोळ्यांवर ओतायचं आणि एकीलाही ओली राहू द्यायची नाही. ओलावा राहिला तर गोळ्या एकमेकींना चिकटून जोड्या जमतात. हवा फार गरम झाली तर थेंब वाटेतच सुकतो आणि गोळीवर संत्र्याची साल उगवते. पॅन पळवला तर कडा झिजतात, रेंगाळला तर रंग ठिकठिकाणी वेगळा बसतो. आणि गोळीवर कोरलेलं कंपनीचं नाव रंगात बुजलं, तर मात्र मुंबईहून मार्केटिंगवाले स्वतः येतात.

या पॅनसमोर मामा उभे असतात. मधूनच स्कूपभर गोळ्या काढून तळहातावर खेळवतात, कान देऊन पॅनचा आवाज ऐकतात, आणि "जरा गार पडलंय" असं पुटपुटून एक बटण दाबतात. रिग्रेशनराव काचेबाहेर कॉरिडॉरमधून हे पाहतात आणि त्यांचा जीव तुटतो. कारण ते पुटपुटणं कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही.

आत जाऊन मोजावं, तर लॅपटॉपला आत बंदी. आत जायचं म्हणजे पहिलं एअरलॉक, बूट बदला, दुसरं एअरलॉक, बिनखिशाचा पांढरा डगला, टोपी, मास्क, हातमोजे. एकदा अशा अवस्थेत त्यांना घाईने आठ आकडे टिपायचे होते आणि कागद नव्हता, म्हणून त्यांनी ते हातमोज्यावर लिहिले. नेमक्या क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता राखणाऱ्या खात्याच्या, मॅडम समोरून आल्या. चिठोऱ्यावर आकडे लिहिणं हा औषध कारखान्यातला केवढा गुन्हा आहे हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ऑडिटर इथे कचऱ्याच्या टोपल्या उपसून बघतात. मॅडमनी तो हातमोजा काढायला लावला, पिशवीत घातला, वर लेबल लावलं आणि मूळ नोंद म्हणून फाइलला जोडला. तो हातमोजा आजही रेकॉर्ड रूममध्ये आहे. बॅचची मुदत संपून वर एक वर्ष होईपर्यंत तो फेकता येणार नाही.

रिग्रेशनरावांनी पहिला हात घातला तो जुन्या बॅच रेकॉर्डांत. तीन वर्षांच्या फायली, दर अर्ध्या तासाची नोंद. गोळ्यांच्या थराचं तापमान ४३. पुन्हा ४३. पुन्हा ४३. एका रात्री कारखान्याची वीज गेली होती, त्या अर्ध्या तासातही ४३. हे सगळं त्यांनी भक्तिभावाने संगणकात भरलं, चार दिवस मान मोडून विश्लेषण केलं आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं: "तापमानाचा कोटिंगच्या दोषांशी काहीही संबंध आढळत नाही."

मीटिंगला मामांनाही बोलावलं होतं. मामा म्हणाले, "मग हीटर बंद करू का साहेब?"

हा प्रश्न त्यांना फार लागला, पण माणूस प्रामाणिक आहे. जो आकडा कधी हललाच नाही, तो हलला तर काय होईल हे गणिताला कुठून कळणार? नियमाप्रमाणे चालणाऱ्या कारखान्यातून शिकण्यासारखं काही सापडत नाही, असा शोध त्यांना त्या रात्री लागला आणि सकाळी त्यांनी प्लांटहेडसमोर मागणी ठेवली की मला काही बॅचेस मुद्दाम बिघडवायच्या आहेत.

प्लांटहेडनी पाणी मागवलं.

शेवटी आर अँड डीच्या छोट्या पॅनवर, औषध नसलेल्या गोळ्यांवर, प्रयोगांना परवानगी मिळाली. बॉक्स-बेन्केन नावाची १९६० सालची आखणी आहे. तीन घटक, तीन पातळ्या, मधला बिंदू तीनदा धरून १५ प्रयोग. रिग्रेशनरावांनी हवेचं तापमान, फवाऱ्याचा वेग आणि पॅनचा वेग निवडला आणि प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. मामांना चिठ्ठ्यांचं काही पटेना. "एकदा तापलं की सगळ्या गरम बॅचेस उरकून घेऊ ना. गरम, थंड, परत गरम, हा काय खुळेपणा?" त्यावर रिग्रेशनरावांनी संख्याशास्त्रज्ञ फिशरपासून सुरुवात केली. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतांत हे शास्त्र कसं रुजलं, शेताच्या एका टोकाची जमीन मुळातच कसदार असली तर जमिनीचं श्रेय खताला कसं जातं, आपल्या सी. आर. रावांनी १९४७ साली ऑर्थोगोनल ॲरे कसे दिले, महालनोबिसांचं १९३६ चं अंतर काय भानगड आहे. महालनोबिसांवर आले की ते हळवे होतात. "मामा, प्रत्येक आकडा आपापल्या मर्यादेत असतो, पण आकड्यांची जोडी विचित्र असते. हवा गरम आणि फवारा कमी, दोन्ही चालण्यासारखं. पण एकत्र आले की घोटाळा. तो घोटाळा हे अंतर पकडतं." मामा म्हणाले, "आमच्या धाकट्या भावाचं लग्न असंच झालं." मग साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे निघाले, कारण रिग्रेशनरावांचं आजोळ सातारा जिल्ह्यात आहे आणि संख्याशास्त्र हे तिथलंच पीक ठरावं, अशी त्यांची इच्छा दिसते. तोवर पॅन पुरेसा थंड झाला होता.

ते पंधरा प्रयोग चालले जानेवारीत, आणि त्याच दिवसांत सासूबाई घरी हलवा करायला बसल्या. नातसुनेची पहिली संक्रांत होती, हलव्याचे दागिने करायचे होते. रिग्रेशनराव पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं, सुकलं की पुन्हा चमचाभर. साखरेच्या कोटिंगची अख्खी प्रक्रिया! साखरेचं पुट चढवलेल्या गोळ्या हे मुळात हलवायांचंच तंत्र. एकोणिसाव्या शतकात औषधवाल्यांनी ते उचललं, आणि पातळ फिल्मचा जमाना १९५० च्या दशकात येईपर्यंत अख्खी दुनिया त्यावर चालली. तेव्हा एकेका बॅचला चार-पाच दिवस लागत आणि गोळी दीडपट जड होई. ते सगळं पुस्तकातलं प्रकरण साक्षात सासूबाईंच्या रूपाने चटईवर बसलं होतं.

"पाक किती सेकंदांनी घालता?"

"सुकला की."

"सुकला हे कसं ओळखता?"

"बोटाला कळतं."

रिग्रेशनराव आत जाऊन तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन आले आणि त्यांनी परातीवर लाल ठिपका रोखला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ते आधी बाजूला करा. भाजलं की बोट आपणहून निघतं."

पण त्यांच्या दृष्टीने खरा चमत्कार पुढेच होता. कारखान्यात ज्या खडबडीत पृष्ठभागापायी त्यांची झोप उडाली होती, तोच इथे साऱ्या घराच्या कौतुकाचा विषय होता. काटा! गोळीला आला तर बॅच नापास, तिळाला आला तर सासूबाई पास. दोष आणि गुण यांच्यात फक्त ग्राहक वेगळा असतो, हे त्यांनी वहीत टिपलं, आणि दुसऱ्या दिवशी १५ ताटल्या मांडल्या. शेगडीची आच, पाकाचा दाटपणा, दोन चमच्यांमधला वेळ. पुन्हा तीन घटक, तीन पातळ्या.

"आणि सगळ्या ताटल्या चांगल्या निघाल्या तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर काही शिकता येणार नाही."

असा जावई आपण पोरीला का पाहिला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता. नवव्या ताटलीतला हलवा अगदी गुळगुळीत, मोत्यासारखा चकचकीत झाला. रिग्रेशनराव हर्षभराने ती ताटली घेऊन घरभर फिरले. सासूबाईंनी ती मागच्या दारी मुंग्यांना घातली. सासूबाई रोज पहाटेच का बसतात, हे मात्र रिग्रेशनरावांनी विचारलं नाही. थंडी कोरडी असली की काटा चांगला येतो, हे जाणत्या बायकांना ठाऊक असतं. ते वहीत आलं नाही, कारण वहीत पहाटेला कॉलम नव्हता.

इकडे कारखान्यात मॉडेल तयार झालं, आणि चांगलं झालं हे कबूल केलं पाहिजे. संत्र्याची साल कशाने येते, कडा कुठल्या वेगाला झिजतात, याचे रंगीत नकाशे निघाले. पण त्या मॉडेलने एक नको ते सत्य सांगितलं. गोळ्यांवर रंग सारखा बसतो तो फवाऱ्याच्या करामतीने कमी आणि प्रत्येक गोळी फवाऱ्याखालून किती वेळा गेली यावर जास्त. आणि हा सारखेपणा वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने सुधारतो. म्हणजे गोळ्या-गोळ्यांतला फरक निम्मा करायचा तर बाकी काही न बदलता, फवारा मंद करून बॅच चौपट वेळ चालवावी लागेल.

प्लांटहेड म्हणाले, "मी तुम्हाला दोन तासांचे दीड तास करायला सांगितले होते."

"हो सर. आठ येतात."

रिग्रेशनराव जातीचे वकील असते तर त्यांनी हे वाक्य फिरवून मांडलं असतं. ते ग्राफ काढत बसले. पण तडजोड निघाली: पॅनचा वेग थोडा वाढवायचा, एक गन वाढवून फवाऱ्याचा पट्टा रुंद करायचा, गनचं गोळ्यांपासूनचं अंतर पक्कं करायचं. वेळ दीडही झाला नाही आणि आठही. दोष मात्र खरोखर कमी झाले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. मुंबईहून अभिनंदनाचा मेल आला आणि रिग्रेशनरावांनी तो फ्रेम करून लावला, खाली नमुन्याचा आकार लिहून.

मग पाऊस लागला. आमचा कारखाना समुद्राजवळ. जुलैत इथे धुतलेला रुमाल चार दिवस वाळत नाही. तापमान तेच, फवारा तोच, पॅन तोच, आणि गोळ्यांच्या जोड्या जमायला लागल्या. मामांनी रंगाच्या पावडरीवर संशय घेतला, परचेसने मामांवर घेतला, क्यूएने सगळ्यांवर. रिग्रेशनराव दोन रात्री घरी गेले नाहीत. तिसऱ्या सकाळी लाल डोळ्यांनी बाहेर आले ते ग्लेन एबी यांचा १९८७ चा लेख फडकवत. एबींनी कोटिंगकडे उष्णतेच्या जमाखर्चाचं खातं म्हणून पाहिलं: हवा किती, किती गरम, आणि मुळात किती दमट, फवारा किती, त्यात पाणी किती, या सगळ्यांचा मिळून एकच आकडा, हवेच्या वाळवण्याच्या ताकदीचा. हीटरचा काटा ६० दाखवत असतो, पण आषाढातली हवा आत येतानाच पोटभर पाणी पिऊन आलेली असते. ती आणखी किती पिणार? आमच्याकडे हवा कोरडी करायचं यंत्र होतं, पण ते ग्रॅन्युलेशनच्या दिमतीला. त्याचा एक डक्ट कोटिंगकडे वळवला आणि जोड्या मोडल्या.

इथे थांबले असते तर रिग्रेशनराव आज थोर माणूस म्हणून ओळखले गेले असते. पण राहून गेलेल्या एका कॉलमने त्यांना असा धडा दिला की त्यांनी कुठलाही कॉलम सोडायचा नाही असं ठरवलं. मोठी सभा भरवली, फळ्यावर माशाचा सांगाडा काढला, मनुष्य, यंत्र, माल, पद्धत असे काटे काढले आणि म्हणाले, "सुचेल ते बोला, एकही सूचना नाकारली जाणार नाही." स्टोअरकीपरने मागच्या बाकावरून "कॅन्टीनचा मेनू" अशी आरोळी ठोकली. सगळे हसले. रिग्रेशनरावांनी गंभीरपणे ते मनुष्य या काट्यावर लिहिलं.

बॅचेस २४, कॉलम २२. इतक्या थोड्या बॅचेसना इतके कॉलम दिले की आर-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारा आकडा, आपोआप आभाळाला लागतो; हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात, आणि हे रिग्रेशनरावच इतरांना शिकवत असत. पण ०.९९ हा आकडा पडद्यावर आला की भल्याभल्यांचा विवेक सुटतो. एकेक कॉलम गाळत गेल्यावर शेवटी जे तीन घटक उरले, त्यांतला सगळ्यांत ठाम निघाला तो मिसळीचा. कॅन्टीनला दर बुधवारी मिसळ असे, आणि बुधवारच्या बॅचेस खरोखरच सगळ्यांत गुळगुळीत होत्या. तिखटाने सावधपणा वाढतो, असं त्याचं कारणही दोन दिवसांत तयार झालं. प्लांटहेड मूळचे कोल्हापूरचे. त्यांना ते आधीपासूनच वाटत होतं.

मामा तर पुरते मॉडेलच्या पक्षाला गेले. मिसळ झाल्याशिवाय पॅनला हात लावीनात. क्यूएच्या मॅडमनी मात्र चेंज कंट्रोलच्या फॉर्मवर विचारलं की तर्रीचं स्पेसिफिकेशन काय. रिग्रेशनराव त्याच्या तयारीला लागले.

घात केला तो मेंटेनन्सच्या फिटरने, आणि तोही बिचारा रजेवर जाऊन. त्या बुधवारी मिसळ झाली, तर्री नेहमीपेक्षा झणझणीत होती, मामांनी दोन प्लेटी खाल्ल्या, आणि बॅचला संत्र्याची साल आली ती अगदी नागपूरची. चौकशीत निघालं की हा फिटर दर मंगळवारी रात्री गन उघडून नोझल, सुई, ओ-रिंग तपासतो, झिजलेलं बदलतो आणि साफ करून बसवतो. बुधवारी फवारा बारीक आणि सरळ पडतो. पुढे आठवडाभर नोझलच्या तोंडाशी रंग साठत जातो. ही नोंद मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये दर मंगळवारी सहीनिशी होती. रिग्रेशनरावांनी कॅन्टीनचं रजिस्टर मागवलं होतं, मेंटेनन्सचं नाही.

मामांनी हे आजतागायत मान्य केलेलं नाही. "त्या दिवशी फरसाण मऊ पडलं होतं साहेब," ते सांगतात. "तुम्ही फरसाणाचा कॉलम घातलाच नाहीत." या मुद्द्यावर रिग्रेशनराव क्षणभर गप्प होतात, कारण दमट हवेचा तो पुरावा त्यांना तितकासा वाईट वाटत नाही.

गन आता रोज उघडली जाते आणि मिसळ पुन्हा नुसती मिसळ झाली आहे. पण तोवर प्लांटहेडनी उत्साहाने मुंबईला कळवून टाकलं होतं, आणि मुंबईला एखादी गोष्ट एकदा कळली की ती परत न कळवता येत नाही. हेड ऑफिसने फर्मान काढलं की या सुधारणेचं सर्व प्लांट्समध्ये हॉरिझाँटल डिप्लॉयमेंट करावं आणि प्रत्येक प्लांटने बुधवारची दोषांची टक्केवारी व त्या दिवशीचा मेनू पाठवावा. बाकीच्यांनी मुकाट्याने इडली, पावभाजी, साबुदाण्याची खिचडी असे आकडे भरून पाठवले. घाटावरच्या आमच्या प्लांटचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं: बुधवारी दोष शून्य टक्के, मेनू काही नाही, त्या दिवशी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी असते.

रिग्रेशनरावांनी मेल दोनदा वाचला. मग उलट टपाली लिहिलं, "निकाल लक्षणीय आहे. कृपया मागील तीन वर्षांच्या सर्व बुधवारांचा डेटा पाठवावा."